जंतुनाशकाचे सामर्थ्य : कारखान्यापासून उंबरठ्यापर्यंत

नाशिक रोडच्या दक्षिणेस, दारणा नदीच्या परिसरात वसलेले देवळाली कॅम्प हे लष्करी छावणीचे गाव म्हणून सर्वश्रुत आहे. तोफखान्याचे प्रशिक्षण देणारी शाळा, छावणी परिषदेचे रुग्णालय, कोरड्या हवेसाठी नावाजलेली जुनी आरोग्यधामे, निवासी शाळा आणि बाजारपेठ असा या गावाचा संमिश्र संसार आहे. सभोवती भगूर, संसरी, नानेगाव, लहवित अशी गावे आहेत. सतत बाहेरून माणसे येणाऱ्या आणि अनेकांनी एका छताखाली राहावयाच्या अशा वस्तीत स्वच्छतेचा प्रश्न नेहमीच महत्त्वाचा असतो. वसतिगृहाचे शौचालय, दवाखान्याची फरशी, मंगल कार्यालयाचे स्वयंपाकघर, बाजारातील मासळीचे ओटे, या साऱ्या ठिकाणी जंतुनाशक द्रव शिंपडला जातो. तो शिंपडला म्हणजे काम झाले, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु पंपातून बाहेर पडणाऱ्या द्रवात जंतू मारण्याचे सामर्थ्य उरले आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

इतिहासाचा दाखला

देवळाली कॅम्पला लागून असलेल्या भगूर गावाने साथीचा तडाखा पूर्वी चांगलाच अनुभवला आहे. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग रेल्वेच्या मार्गाने देशावर पसरला आणि १८९९ मध्ये भगूर येथे स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत यांचा त्याच रोगाने बळी घेतला. त्या काळी मुंबई-पुण्यात रोग्यांच्या घरांवर कार्बोलिक आम्ल व पारदक्लोराइड यांची द्रावणे पंपाने मारली जात, भिंतींना चुना फासला जाई. श्रम पुष्कळ झाले, लोकांचा रोषही ओढवला. मात्र साथ आटोक्यात आली नाही. १८९८ मध्ये फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत केलेल्या प्रयोगांतून उंदरावरील पिसू हीच या रोगाची वाहक असल्याचे दिसून आले. मग फवाऱ्याची मर्यादा ध्यानात आली. भिंतीवर कितीही औषध मारले तरी उंदीर आणि पिसवा सुखरूप होत्या.

दुसरा दाखला याहून बोलका आहे. शस्त्रक्रियेत जंतुनाशकाचा पायंडा पाडणारे जोसेफ लिस्टर यांनी १८७० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियागृहाच्या हवेत कार्बोलिक आम्लाचा सूक्ष्म फवारा सोडण्याची पद्धत रूढ केली होती. पुढे हवेपेक्षा हात, हत्यारे व जखम यांची स्वच्छता अधिक महत्त्वाची असल्याचे त्यांना पटले. त्यांनी फवारा बंद केला आणि १८९० मध्ये बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत ते जाहीरपणे सांगितले. ज्याने पद्धत आणली त्यानेच ती सोडली, हे विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचे उत्तम उदाहरण होय.

दोन्ही दाखल्यांचे तात्पर्य एकच. फवारणे ही एक क्रिया आहे आणि जंतू मरणे हा तिचा परिणाम आहे. क्रिया झाली म्हणजे परिणाम झालाच, असे गृहीत धरता येत नाही. त्या दोहोंच्या मध्ये एक लांब साखळी असते व तिची प्रत्येक कडी द्रवाच्या सामर्थ्यातील थोडा थोडा भाग हिरावून घेत असते.

पहिली कडी : निर्मिती

ग्रामपंचायती, शाळा व दवाखाने यांच्या परिचयाची जंतुनाशके म्हणजे गावोगावी टीसीएल पावडर या नावाने ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर, सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, काळे व पांढरे फिनाइल आणि अलीकडे घरोघरी पोहोचलेले अल्कोहोलचे सॅनिटायझर. यांपैकी पहिल्या दोहोंचा जीव क्लोरीनमध्ये आहे. विरी गेलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू नेला असता ब्लीचिंग पावडर तयार होते, तर कॉस्टिक सोड्याच्या थंड द्रावणात क्लोरीन सोडला असता हायपोक्लोराइट बनते. ताज्या, उत्तम ब्लीचिंग पावडरीत वजनाच्या सुमारे एकतृतीयांश, म्हणजे ३३ टक्क्यांच्या आसपास ‘उपलब्ध क्लोरीन’ असतो. जंतुनाशक सामर्थ्य मोजण्याचे हेच माप आहे.

हायपोक्लोराइटचा स्वभाव चंचल असतो. ते कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच मोडू लागते आणि त्याचे मीठ व क्लोरेट अशा निरुपयोगी द्रव्यांत रूपांतर होत जाते. ही मोडतोड मंदावावी म्हणून चांगला उत्पादक तीन काळज्या घेतो. द्रावण तयार होताना ते तापू देत नाही. त्यात थोडा अल्क मुद्दाम शिल्लक ठेवतो, कारण अल्कधर्मी द्रावण अधिक टिकते. निकेल, कोबाल्ट, तांबे या धातूंचे अंशही गाळून काढतो, कारण त्यांच्या केवळ उपस्थितीने द्रावणातील प्राणवायू सुटू लागतो. हा वायू कोंडून पिंप फुगू नये म्हणून त्याच्या झाकणास वायू बाहेर जाण्याची सोय ठेवावी लागते. असे झाकण गळके समजून कोणी मेणाने वा चिकटपट्टीने बंद केल्यास धोका उद्भवतो, हे भांडारपालाने ध्यानात ठेवावे.

फिनाइलसारख्या द्रवांची प्रतवारी वेगळ्या मापाने होते. १९०३ मध्ये रिडील व वॉकर यांनी सुचविलेल्या पद्धतीत, शुद्ध कार्बोलिक आम्लाच्या तुलनेत एखादा द्रव किती पट प्रभावी आहे हे पाहिले जाते. आपल्या देशातील औषध नियमांच्या अनुसूची ‘ओ’ मध्ये जंतुनाशक द्रवांची प्रतवारी याच गुणांकावर आधारलेली आहे. परंतु हे माप स्वच्छ पाण्यातील जंतूंवर काढलेले असते. १९०८ मध्ये हॅरिएट चिक व चार्ल्स मार्टिन यांनी चाचणीच्या मिश्रणात मुद्दाम विष्ठेचा अंश घालून प्रयोग केले, तेव्हा अनेक द्रवांचे सामर्थ्य पुष्कळ घटलेले आढळले. प्रयोगशाळेतील आकडा आणि संडासातील फरशी यांत किती अंतर असते, हे तेव्हापासून शास्त्राला ठाऊक आहे.

दुसरी कडी : वाहतूक व साठवण

क्लोरीनयुक्त जंतुनाशकाचे शत्रू चार आहेत : उष्णता, प्रकाश, ओलावा व धातू. यांपैकी उष्णता सर्वांत बलवान. तापमान दहा अंश सेल्सियसने वाढले की हायपोक्लोराइट मोडण्याचा वेग ढोबळमानाने तिपटीहून अधिक होतो. नाशिक परिसराची हवा एरवी आल्हाददायक असली, तरी एप्रिल-मे मध्ये पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छपराखालील गोदामात तो त्याहूनही वर चढतो. गुजरातेतील कारखान्यातून पेठच्या वा सापुताऱ्याच्या रस्त्याने, अथवा मुंबईकडून कसारा घाटाने उघड्या ट्रकमध्ये दुपारच्या उन्हात आलेले पिंप पोहोचण्यापूर्वीच काही सामर्थ्य गमावून बसलेले असते.

येथे खरेदीच्या वेळापत्रकाचा विचार करणे अगत्याचे आहे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असल्यामुळे शिल्लक अनुदानातून त्याच सुमारास वर्षभराचा साठा एकदम घेण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. परंतु मार्चमध्ये आलेला साठा एप्रिल व मे हे दोन कडक उन्हाळ्याचे महिने गोदामात काढतो आणि जून-जुलैमध्ये पाऊस सुरू होऊन गॅस्ट्रो व अतिसाराचा उपद्रव होतो तेव्हा तो सर्वांत दुबळा झालेला असतो. गरज सर्वाधिक असते तेव्हा औषध सर्वांत निर्बल, अशी ही विपरीत स्थिती आहे. यावर उपाय साधा आहे. दर मागणीपत्रात पुरवठा तिमाही हप्त्यांत करण्याची अट घालावी आणि माल स्वीकारताना निर्मितीची तारीख व तुकडी क्रमांक पाहावा.

ब्लीचिंग पावडरीचे दुखणे पावसाळ्यात वाढते. देवळाली, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातील दमट हवेत उघडी राहिलेली गोणी ओल धरते. पावडरीचे गोळे होतात, क्लोरीनचा उग्र वास खोलीभर पसरतो. वास येतो म्हणजे औषध जोरदार आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः जो वास नाकाला येतो तो क्लोरीन गोणीतून निघून गेलेला असतो. म्हणून गोणीतील प्लास्टिकची आतील पिशवी दर वेळी घट्ट बांधावी, गोणी जमिनीपासून उंच लाकडी फळीवर ठेवावी व तिच्याजवळ आम्ल, खते, रॉकेल वा कीटकनाशके ठेवू नयेत. पिंपे अपारदर्शक प्लास्टिकची असावीत. लोखंडी बादली वा पितळी पातेले या कामी वर्ज्य होय. जो साठा आधी आला तो आधी वापरावा, हा भांडाराचा मूलमंत्र येथेही लागू आहे.

तिसरी कडी : द्रावण करणे

प्रमाणाच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडे गणित देणे उचित ठरेल. कोविडच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सामान्य पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का व रक्त वा अन्य शारीरिक द्रव मोठ्या प्रमाणात सांडल्यास ०.५ टक्का क्लोरीनचे द्रावण सुचविले होते. बाटलीतील हायपोक्लोराइट ५ टक्के असेल, तर एक भाग औषध व एकोणपन्नास भाग पाणी घेतल्यास ०.१ टक्का द्रावण मिळते. एक भाग औषध व नऊ भाग पाणी घेतल्यास ०.५ टक्का मिळते. पंधरा लिटरच्या पंपात ०.१ टक्का द्रावण भरावयाचे तर तीनशे मिलिलिटर औषध लागेल. ब्लीचिंग पावडर ३३ टक्क्यांची असेल तर लिटरमागे तीन ग्रॅम पावडरीने ०.१ टक्का व पंधरा ग्रॅमने ०.५ टक्का द्रावण होते. पावडर ढवळून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच पंपात घ्यावे, अन्यथा नोझल चोंदते.

आता हेच गणित साठवणुकीशी जोडून पाहू. पिंपावर ५ टक्के लिहिलेले आहे, परंतु उन्हाळ्यात त्याचे सामर्थ्य निम्मे होऊन अडीच टक्के उरले आहे असे समजा. सफाई कामगाराने सांगितल्याप्रमाणे अचूक मोजून तीनशे मिलिलिटर घातले, तरी पंपात प्रत्यक्षात ०.०५ टक्काच द्रावण तयार होईल. कामगाराची चूक नाही, पंपाची नाही, नोंदवहीत फवारणीची तारीखही बरोबर आहे. तरीही इच्छित परिणाम मात्र अर्ध्यावर आला. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, हेच त्याचे भय आहे.

तयार केलेले विरल द्रावण त्याच दिवशी वापरावे. मूळ द्रव अल्कधर्मी असल्याने टिकतो. पाण्याने पातळ केल्यावर त्याचा सामू उतरतो व जंतू मारणारे हायपोक्लोरस आम्ल अधिक प्रमाणात मोकळे होते. थोडक्यात, जो गुण त्यास प्रभावी करतो तोच त्यास अल्पायुषी करतो. त्यात पाण्यातील गाळ, प्रकाश व पंपाचे धातूचे भाग यांची भर पडते. कालच्या उरलेल्या द्रावणात आज नवे ओतण्याची सवय तर सर्वस्वी त्याज्य समजावी. काही जंतुनाशकांच्या अशा शिळ्या, पातळ द्रावणांत स्यूडोमोनास जातीचे जंतू चक्क वाढू शकतात, असा रुग्णालयांचा अनुभव आहे.

येथे नाशिकच्या द्राक्ष बागाईतदारांचे उदाहरण मार्गदर्शक ठरावे. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण बागाईतदार पिढ्यान्‌पिढ्या ताजे करतो, धातूच्या भांड्यात करीत नाही आणि फवारण्यापूर्वी त्यात लोखंडी पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, असे त्यास कळते. वेलीसाठी जी दक्षता सहजपणे घेतली जाते, तीच माणसांसाठी घेणे अवघड नसावे. मात्र बागेचा कीटकनाशकाचा पंप शाळेत वा दवाखान्यात कदापि वापरू नये. त्याची टाकी कितीही धुतली तरी विषाचा अंश राहण्याचा संभव असतो.

चौथी कडी : प्रत्यक्ष वापर

क्लोरीनला जंतू आणि माती यांतील फरक कळत नाही. चिखल, शेण, अन्नाचे कण, रक्त असे जे सेंद्रिय द्रव्य आधी भेटेल त्यावर तो खर्च होऊन जातो. म्हणून प्रथम केर काढणे, साबण-पाण्याने धुणे व नंतर जंतुनाशक लावणे हा क्रम अटळ आहे. न धुतलेल्या फरशीवर दुप्पट औषध मारणे हा धुण्यास पर्याय होत नाही. काही नव्या जंतुनाशकांतील बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी द्रव्ये साबणाच्या अंशाने निकामी होतात आणि सुती पोछाही त्यांना शोषून घेतो. तेव्हा साबणानंतर साध्या पाण्याने एकदा धुऊन घेणे हिताचे.

दुसरी बाब संपर्ककालाची. कोणताही द्रव पडताक्षणी जंतू मारीत नाही. पृष्ठभाग काही मिनिटे ओला राहावा लागतो व हा काळ वेष्टनावर दिलेला असतो. नोझल फार बारीक ठेवून धुके पाडले तर थेंब हवेतच तरंगतात, उन्हात ते क्षणात वाळतात आणि फवारणाऱ्याच्या छातीत मात्र जातात. यास्तव दाराचे कडी-कोयंडे, नळ, बाके, खाटेचे कठडे अशा ठिकाणी फवाऱ्यापेक्षा द्रावणात भिजविलेल्या फडक्याने पुसणे अधिक उपयुक्त असते. अल्कोहोलच्या बाबतीत तर ७० टक्के द्रावण ९५ टक्क्यांहून सरस ठरते. अल्कोहोलला जंतूंमधील प्रथिने बिघडविण्यास पाण्याची मदत लागते आणि पाण्यामुळे द्रव वाळण्यास विलंबही होतो. बाटलीचे झाकण उघडे राहिल्यास अल्कोहोल उडून जाते व मागे बव्हंशी पाणी उरते.

२०२० मध्ये अनेक गावांत रस्ते, वेशी, झाडे, एवढेच नव्हे तर माणसांवरही फवारणी झाली. भावना संरक्षणाची होती. परंतु केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजीच्या सूचनेत माणसांवर रसायने फवारणे अयोग्य व अपायकारक असल्याचे स्पष्ट केले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये रस्त्यांवरील व खोल्यांतील सरसकट फवारणीची शिफारस केली नाही. निर्जंतुकीकरणाच्या बोगद्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी निर्णय दिला व माणसांवरील फवारणीस प्रतिबंध करण्याबाबत केंद्र शासनास निर्देश दिले. धुळीच्या रस्त्यावर पडलेला क्लोरीन मातीतच खर्ची पडतो. तोच साठा शौचालये व सार्वजनिक नळकोंडाळी यांसाठी राखून ठेवला असता त्याचे सार्थक झाले असते.

फवारणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचारही याच कडीत येतो. हायपोक्लोराइट वा ब्लीचिंग पावडर संडास साफ करण्याच्या आम्लयुक्त द्रवात मिसळली तर विषारी क्लोरीन वायू उसळतो. अमोनियात मिसळली तरी घातक वायू निर्माण होतो. दोन औषधे एकत्र केल्याने जोर वाढतो, ही समजूत बंद शौचालयात काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. हातमोजे, चष्मा, गमबूट व उघडी खिडकी या चार गोष्टी पुरविणे ही काम सांगणाऱ्याची जबाबदारी आहे.

तपासणी : साखळीची राखण

सामर्थ्य घटल्याचे डोळ्यांना दिसत नसले तरी ते मोजता मात्र येते. पाण्यातील क्लोरीन पाहण्यासाठी गावचा जलसुरक्षक क्लोरोस्कोप वापरतोच. तीव्र द्रावणासाठी अधिक क्षमतेच्या चाचणी-पट्ट्या मिळतात. ब्लीचिंग पावडरीचे नमुने तपासण्यासाठी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेची सोय आहे. याखेरीज आपल्याकडे एक मोठी यंत्रणा जवळजवळ अस्पर्शित आहे, ती म्हणजे शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा. पोटॅशियम आयोडाइड, सौम्य आम्ल, सोडियम थायोसल्फेट व पिष्ठाचे द्रावण एवढ्या सामग्रीवर उपलब्ध क्लोरीनचे अनुमापन करता येते. निळा रंग नाहीसा होण्याचा तो क्षण विद्यार्थी पाठ्यपुस्तकासाठी पाहतातच. तोच प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आपल्या ग्रामपंचायतीच्या पिंपावर केला तर रसायनशास्त्राचा धडा आणि गावाचे काम दोन्ही साधतील.

ग्रामपंचायतीने वा शाळेने एक साधी नोंदवही ठेवावी. निर्मितीची तारीख, तुकडी क्रमांक, माल आल्याची तारीख, पिंप उघडल्याची तारीख, तपासणीत आढळलेले शेकडा प्रमाण व त्यानुसार ठरविलेले मिश्रणाचे माप एवढे रकाने पुरेत. औषध दुबळे झाले म्हणून ते टाकून देण्याची गरज नेहमीच नसते. पाच टक्क्यांचे अडीच झाले असेल तर दुप्पट घ्यावे, एवढेच. अट एकच : ते अडीच झाले आहे, हे ठाऊक असले पाहिजे.

२०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे लक्षावधी यात्रेकरू येतील. त्यांची वर्दळ नाशिक रोड व देवळाली परिसरालाही जाणवेल. तात्पुरती शौचालये, अन्नछत्रे, निवासाच्या राहुट्या या सर्वांसाठी जंतुनाशकांचा मोठा साठा लागेल. तो किती टन घेतला याची नोंद होईलच. तो वापराच्या दिवशी किती टक्के प्रभावी होता, याचीही नोंद व्हावयास हवी. तूर्त प्रत्येक सरपंच, मुख्याध्यापक व आरोग्य कर्मचाऱ्याने आपल्या गोदामातील पिंपावरची तारीख एकदा वाचून पाहावी आणि एक नमुना तपासणीस पाठवावा. पावसाळ्यापूर्वी करावयाच्या कामांच्या यादीत नाले साफ करण्याच्या बरोबरीने या कामासही स्थान मिळावे.